नळ मोजून झाले, आता शेवटच्या नळाचं पाणी तपासा

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आज दहापैकी जवळपास नऊ घरांत नळजोडणी झाल्याची सरकारी नोंद आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्राने जलजीवन मिशनची घोषणा केली, तेव्हा आपल्या राज्यात दहापैकी जेमतेम तीन-साडेतीन घरांत नळ होता. सहा वर्षांत झालेलं हे काम लहान नाही. सरकारचा प्रत्येक आकडा खोटा, असं म्हणणाऱ्यांतल्या आम्ही नाही. ज्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला तिला जाऊन विचारा, मानेचं आणि कंबरेचं दुखणं किती कमी झालं ते. बारा-तेरा वर्षांच्या मुली पाण्याच्या रांगेतून सुटून शाळेत वेळेवर जाऊ लागल्या, हेही आम्ही पाहिलं आहे.

पण आम्ही आधी परिचारिका आहोत, मग कार्यकर्त्या. दवाखान्याच्या नोंदवहीत नळ किती बसवले याचा रकाना नसतो. तिथे जुलाब, उलट्या, विषमज्वर आणि कावीळ यांचे रकाने असतात. पहिल्या पावसानंतर ते भरू लागले की आम्ही रुग्णाला पत्ता विचारतो. पत्ता बहुतेक वेळा गावाच्या किंवा वॉर्डाच्या त्याच टोकाचा निघतो, जिथे पाइपलाइन संपते. आपली वस्तीही बहुतेक ठिकाणी तिथेच असते. हा योगायोग नाही. गावाची रचना कुणी आणि कशी केली, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगायची गरज नाही. टाकी बांधली जाते उंचावर, गावठाणाजवळ. पाइप तिथून निघतो आणि आपल्याकडे येईपर्यंत त्याचा दाब संपलेला असतो.

दाब संपला म्हणजे नुसतं पाणी कमी आलं एवढंच होत नाही. हे घरातल्या प्रत्येकाला समजावं म्हणून थोडं सविस्तर सांगतो. नळाला चोवीस तास पाणी असेल तर पाइप आतून भरलेला आणि दाबाखाली असतो. कुठे चीर असली तर आतलं पाणी बाहेर झिरपतं, बाहेरची घाण आत येत नाही. पाणी दिवसातून तासभर, किंवा दोन-तीन दिवसांतून एकदा सुटत असेल तर उरलेला सगळा वेळ पाइप रिकामा पडून असतो. त्याच वेळी त्याच्या अंगाखालून, कधी अंगावरून, गटार वाहत असतं. रिकामा पाइप चिरेतून ते गटाराचं पाणी आत ओढून घेतो. पुढच्या वेळी पाणी सुटलं की पहिला लोट ती सगळी घाण घेऊन पुढे सरकतो आणि शेवटच्या नळापर्यंत येतो. टाकीत टाकलेल्या टीसीएल पावडरचं क्लोरीन तोवर वाटेतच खर्ची पडलेलं असतं. म्हणून टाकीजवळच्या नळाचा नमुना ‘पिण्यास योग्य’ येतो आणि आपल्या वस्तीतलं पोर सलाईनवर असतं.

यात आपलाही एक हात आहे, तोही सांगतो, कुणाला राग आला तरी. कमी दाबाच्या लाइनीला आपण टुल्लू मोटर लावतो. नाइलाजाने लावतो, मान्य. पण मोटर पाइपातून पाणी ओढते तशीच गटारातली घाणही ओढते, आणि ती आपल्या एका घरापुरती राहत नाही.

मिशनच्या कागदांवर हे सगळं धरलेलं आहे, हीच खरी गोष्ट. योजनेत नुसता नळ मागितलेला नाही. माणशी दररोज किमान ५५ लिटर पाणी, भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या प्रमाणात बसणारं, नियमित आणि कायमस्वरूपी, असं असेल तरच ती ‘कार्यरत’ नळजोडणी. याच मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही सापडता कामा नये. केंद्राने २०२२ मध्ये देशभर पाहणी करून घेतली. त्यात प्रमाण, दर्जा आणि नियमितपणा या तिन्ही कसोट्यांवर उतरलेल्या जोडण्या ६२ टक्के निघाल्या. म्हणजे नळ असलेल्या दर दहा घरांतली जवळपास चार घरं कुठल्या ना कुठल्या कसोटीत नापास. हा आकडा सरकारच्याच पाहणीतला आहे. तरीही मंत्र्यांच्या भाषणात आणि जिल्ह्याच्या आढाव्यात फिरतो तो नळांचाच आकडा.

पाणी हा राज्यघटनेप्रमाणे राज्याचा विषय. केंद्र धोरण आखतं, अटी घालतं आणि पैसा देतं. विहीर कुठे घ्यायची, पाइप कसा टाकायचा आणि नमुना कुठून उचलायचा हे राज्याचं काम. तेव्हा महाराष्ट्राने या राष्ट्रीय सुधारणेत किती मजल मारली हे ठरवायचं असेल, तर आमच्या मते एकच कसोटी पुरेशी आहे. गावातल्या सगळ्यात खालच्या टोकाच्या वस्तीतल्या शेवटच्या नळाला पाणी किती येतं आणि ते कसं येतं? जिल्ह्याजिल्ह्याची यादी या एका प्रश्नावर लावा. मग क्रमवारी कशी बदलते ते पाहू.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये काय झालं ते विसरू नका. सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते. आधी पाय लुळे पडतात, मग हात, काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागतो. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काही जण दगावले. रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. यातली काही गावं महापालिकेत येऊन थोडीच वर्षं झाली होती. तिथे मोठ्या विहिरीतलं पाणी ब्लीचिंग पावडर टाकून थेट पुरवलं जात होतं, शुद्धीकरण केंद्र नव्हतं. खडकवासला धरण मात्र हाकेच्या अंतरावर. शेजारी धरण आहे म्हणून घरात शुद्ध पाणी येतंच असं नाही, हे महाराष्ट्राला त्या महिन्यात कळलं. शहराच्या चांगल्या वस्त्यांतली माणसं आजारी पडली म्हणून ती बातमी झाली. आपल्याकडे दर पावसाळ्यात जुलाबांची साथ येते तेव्हा फार तर फवारणीची गाडी येते.

कावीळचं तर आणखी वेगळं आहे. दूषित पाण्यातून होणाऱ्या ‘ई’ प्रकारच्या काविळीत जंतू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. वस्तीत दहा-बारा जणांना कावीळ झाल्यावर आरोग्य खातं नमुना उचलतं तेव्हा महिना उलटून गेलेला असतो. पाइपमधली ती घाण वाहून गेलेली असते. नमुना चांगला येतो, अहवाल येतो ‘पाण्याचा दोष नाही’, आणि दोष लागतो तो वडापावच्या गाडीला. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही कावीळ जीवघेणी ठरू शकते. म्हणून आमचा आग्रह असतो की साथ आल्यावर नमुना घेण्यापेक्षा दर महिन्याला, पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, शेवटच्या नळावरून नमुना घ्या. दोष तेव्हाच सापडतो.

हे करण्यासाठी नवा कायदा नको, नवा निधीही नको. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक गावात पाणी समिती सांगितली आहे. त्यात निम्म्या महिला असाव्यात आणि सुमारे चौथा हिस्सा दुर्बल घटकांचा, गावातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. पाणी तपासायच्या संचावर, म्हणजे फील्ड टेस्ट किटवर, गावातल्या पाच महिलांना प्रशिक्षण द्यायचं आहे. आम्ही गावोगाव बैठकांना जातो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो, त्या पाच जणी कोण? बहुतेक ठिकाणी आधी शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणतं, “सिस्टर, तुम्ही आल्यावरच कळलं, अशी काही समिती असते म्हणून.” एका गावात तर आपल्याच वस्तीतल्या एका मावशीचं नाव समितीच्या यादीत होतं. सही होती, बैठकीची तारीख होती. मावशींना मात्र पत्ता नव्हता. त्या म्हणाल्या, “बाई, मी तर अंगठा उठवते. ही सही करायला मला कुणी शिकवली?” सगळे हसले. आम्हालाही हसू आलं, पण त्या गावात गेल्या पावसाळ्यात जुलाबाचे रुग्ण कुठून आले होते ते आम्हाला ठाऊक होतं.

कागदावर हक्क आणि प्रत्यक्षात कोरडी घागर, हे आपल्याला नवीन नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावं लागलं, कारण ठरावाने ओंजळीत पाणी येत नव्हतं. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि न्यायालयाची लढाई १९३७ पर्यंत चालली. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचं काम पाहताना, १९४२ ते १९४६ या काळात, देशाच्या नद्यांचा खोऱ्यानुसार विचार करणारं धोरण आणि आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वसंस्था उभी राहिली, ती बाबासाहेबांच्याच देखरेखीखाली. पाण्याचं राष्ट्रीय नियोजन हा आपल्याला परका विषय आहे असं कुणी समजू नये. समितीतली आपली जागा ही भीक नाही.

गावातल्या अंतर्गत कामाच्या खर्चाचा दहा टक्के वाटा लोकांनी द्यायचा, असंही सूचनांत आहे. अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून अधिक असलेल्या गावात हा वाटा पाच टक्के. तो पैशातच द्यावा असं नाही, श्रमदानातून किंवा साहित्यातूनही देता येतो. हे आपल्या लोकांना कुणी सांगत नाही. वर्गणी मागायला मात्र लोक बरोबर येतात.

आता पाण्याच्या मुळाकडे येऊ. मार्च-एप्रिलमध्ये नळ का आटतो? नळात दोष नसतो, विहीर किंवा बोअर आटलेली असते. योजनेच्या विहिरीशेजारी कुणाच्या उसाला, कुणाच्या कारखान्याला खोल बोअर लागली की वस्तीचं पाणी गेलं. महाराष्ट्राने १९९३ मध्येच कायदा केला होता की पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खणायची नाही. २००९ चा भूजल कायदा आणखी पुढे गेला आणि खोल बोअरवर, पाणी उपसण्यावर बंधनं आणली. हा कायदा प्रत्यक्षात लागू झाला २०१४ मध्ये आणि त्याच्या नियमांचा मसुदा आला २०१८ मध्ये. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्याने स्थापन झालं, असं करणारं महाराष्ट्र देशात पहिलं. पण त्याच कायद्यात सांगितलेला राज्याचा एकात्मिक जल आराखडा पूर्ण व्हायला एक तपाहून जास्त काळ गेला. कायदे करण्यात आपलं राज्य नेहमी पुढे असतं. अंमलबजावणीची वेळ आली की बडा बागायतदार आणि तलाठी एकमेकांकडे बघतात आणि बोअरची गाडी रात्री येते.

पैशाचं थोडक्यात. मिशन २०२४ मध्ये संपायचं होतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते २०२८ पर्यंत वाढवलं. मधल्या काळात केंद्राकडून पैसा अडला आणि राज्यात कंत्राटदारांची बिलं थकली. अर्धवट टाक्या आणि खणून ठेवलेले रस्ते गावोगाव दिसतात. थकीत पैशाचा प्रश्न खरा आहे. पण काम अर्धवट राहिलं तेव्हा पाइप कुठे थांबला ते बघा. मुख्य रस्ता, पेठ, गावठाण झालं, वस्तीचा तुकडा ‘पुढच्या टप्प्यात’. हा क्रम पैशाच्या टंचाईने ठरत नाही, तो कुणीतरी ठरवतो. उलट्या दिशेने, शेवटच्या टोकापासून काम सुरू केलं असतं तर आज अडलेलं काम मुख्य रस्त्यावर दिसलं असतं, आणि मग पैसा लवकर आला असता, अशी आमची खात्री आहे.

शहरातल्या वाचकांनी हा आपला विषय नाही असं समजू नये. जलजीवन मिशन गावांसाठी आहे, शहरांसाठी ‘अमृत’ ही वेगळी योजना आहे. पण शहरातली वस्ती या दोहोंच्या मधल्या फटीत पडते. मुंबईत इमारतींसाठी माणशी १३५ लिटरचं प्रमाण धरलं जातं आणि झोपडपट्टीसाठी ४५ लिटरचं. म्हणजे मुंबईच्या झोपडीतल्या माणसाचं पाणी कागदावरच खेड्यातल्या माणसापेक्षा दहा लिटर कमी. हे प्रमाण ठरवताना कुठल्या डॉक्टरला विचारलं असेल असं वाटत नाही. दोन बाळांत जुलाब सुरू असलेलं घर ४५ लिटरमध्ये हात, लंगोट, भांडी आणि शौचालय कसं सांभाळणार? हात धुवायला पाणी नसेल तर ‘हात धुवा’ हे आमचं पोस्टर भिंतीवर लावून उपयोग काय?

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. झोपडी अनधिकृत आहे किंवा २००० नंतरची आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही, असं त्या निकालाचं सार. महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण त्यानंतर २०२२ मध्ये आलं. तरी रेल्वेच्या, विमानतळाच्या, वनखात्याच्या जमिनीवरच्या वस्त्या ना-हरकत पत्राच्या फेऱ्यात अडकतात आणि टँकरवाल्याला लिटरमागे इमारतीतल्या माणसाच्या कितीतरी पट पैसे मोजतात. अर्ज करताना या निकालाचा उल्लेख करा. नकार दिला तर तो लेखी मागा. तोंडी नकारावर कुठेही दाद मागता येत नाही.

गावातल्या वाचकांसाठी आणखी एक किल्ली आहे आणि ती आपल्याच हातात आहे. सरकारी नोंदीत गाव ‘हर घर जल’ झालं, एवढ्यावर ते प्रमाणित होत नाही. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. गोवा ऑगस्ट २०२२ मध्ये देशातलं पहिलं प्रमाणित राज्य झालं, ते गावागावाच्या अशा ठरावांवर. आपल्या गावात हा ठराव येईल तेव्हा बायकांनी ग्रामसभेला जायचं. शेवटच्या नळाखाली बादली ठेवून ती भरायला किती मिनिटं लागली ते आधीच्या आठवड्यात रोज लिहून ठेवायचं. घरात माणसं किती आणि बादल्या किती, की ५५ लिटरचा हिशेब तिथल्या तिथे होतो. हिशेब जमत नसेल तर हात वर करायचा नाही, आणि विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावायचा.

पाण्याच्या दर्जासाठी ग्रामपंचायतीचं कार्ड बघा. आरोग्य खातं पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं. आपल्या पंचायतीचं कार्ड कोणतं हे आशाताईला किंवा उपकेंद्राच्या सिस्टरला विचारा, त्या सांगतील. जलसुरक्षक क्लोरीनची ओटी टेस्ट करतो, ती त्याने आपल्या वस्तीत, आपल्या डोळ्यांसमोर करावी असा आग्रह धरा. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर त्या दिवशी पाणी उकळा किंवा आशाताईकडचं मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका. जंतूंच्या तपासणीच्या छोट्या बाटल्या असतात. पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं तर ते पिण्याचं नाही. हे शिकायला शिक्षण लागत नाही, आमच्या बैठकांत निरक्षर आज्याही हे पहिल्या दिवशी शिकतात.

सध्या पावसाळी पाणी असेल तर पहिल्या दहा मिनिटांचं पाणी पिण्यासाठी भरू नका, ते धुण्याला वापरा. लेकराला जुलाब लागले तर ओआरएस लगेच सुरू करा, सोबत झिंकच्या गोळ्या आशाताईकडून मागून घ्या. अंगावरचं दूध बंद करू नका. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्त पडलं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि जिल्हा परिषदेकडे आमची मागणी अशी: दर महिन्याचा पाणी नमुना टाकीवरून नव्हे, प्रत्येक गावातल्या वस्तीच्या शेवटच्या नळावरून घ्यावा, त्या नळाचं ठिकाण अहवालावर लिहावं, आणि अहवालाची प्रत वस्तीतल्या विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या फळ्यावर लावावी. ज्या वस्त्यांनी हे अर्ज आधीच दिले आहेत त्यांनी पोचपावतीची तारीख आम्हाला कळवावी.